बूच, बादली आणि तळ्याकाठची रांग

इंदूरच्या मराठी घरांतून उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला जाणारे वाचक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यातील गळाचे शौकीन तिकडच्या तळ्यांवर मनापासून रमतात, हे या महिन्याच्या टपालावरून लक्षात आले. तीन पत्रे जवळजवळ एकाच विषयाची, म्हणजे एका पाण्यातले परके शिंपले-मासे दुसऱ्या पाण्यात जाण्याची आणि ते रोखण्यासाठी होणाऱ्या बोटींच्या तपासणीची निघाल्यामुळे या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी जलसंसाधन विभागातून निवृत्त झालो. लहानपणी काकांबरोबर यशवंतसागरावर गळ टाकायला बसत असे, तो नाद अजून सुटलेला नाही. गेली दोन वर्षे मे ते ऑगस्ट मी मिनेसोटात मुलीकडे असतो. जावयांनी सोळा फुटी ॲल्युमिनियमची जुनी बोट घेतली आहे, आणि शनिवारी आम्ही दोघे नातवाला घेऊन वॉलाय नावाचे मासे पकडायला जातो. एका शनिवारी पहाटे रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडण्याच्या उतारावर, आमच्या पुढे सहा गाड्या होत्या. निरीक्षक मुलगी प्रत्येक बोटीखाली वाकून हात फिरवत होती, नांगराची दोरी उलगडून पाहत होती, बोटीतले पाणी सोडण्याच्या भोकाचे बूच कुठे आहे ते विचारत होती. यात पाऊण तास गेला आणि सूर्य वर आला. दुपारी परत निघताना पुन्हा अडवले आणि नातवाच्या बादलीतले, उरलेल्या आमिषाच्या माशांचे पाणी ओतायला लावले. मासे मेले, पोरगा रडला. आदल्या आठवड्यात पहाटे चारला गेलो तेव्हा तिथे कोणीही नव्हते. मग ही तपासणी खरी कशाची? बदके आणि बगळे या तळ्यातून त्या तळ्यात उडत असतात, त्यांना कोण अडवते? काही तळ्यांत तर ते शिंपले आधीच आहेत, तिथेही हाच प्रकार. हे जीव मोठ्या जहाजांनी आणले असे जावई सांगतात. मग त्याचा भुर्दंड सोळा फुटी बोटवाल्याने का भरायचा?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आपला पाऊण तास किरकोळ नव्हता, हे आधी मान्य करतो. वॉलायच्या डोळ्यात प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो आणि त्यामुळे अंधूक उजेडात त्याला त्याच्या भक्ष्यापेक्षा चांगले दिसते. म्हणूनच तो पहाटे आणि तिन्हीसांजेला उथळ पाण्यात खायला येतो. सूर्य वर आला की तो खोल जातो, आणि गळ टाकून बसलेल्याची सकाळ तिथेच संपते. रांगेत गेलेला तो पाऊण तास म्हणजे आपली सगळी सकाळच होती.

आता ती मुलगी बोटीखाली हात का फिरवत होती ते पाहू. झेब्रा शिंपला हा काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या परिसरातला जीव आहे. पूर्ण वाढला तरी तो बोटाच्या एका पेराएवढाच असतो, आणि शेवाळाच्या झुबक्यासारख्या बारीक, चिवट तंतूंनी तो दगडाला, लाकडाला, बोटीच्या तळाला किंवा दुसऱ्या शिंपल्याला चिकटतो. नुकताच चिकटलेला शिंपला तर डोळ्यांना दिसतही नाही. मात्र गुळगुळीत पत्र्यावरून बोटे फिरवली आणि पत्रा पॉलिशपेपरसारखा खरखरीत लागला, तर तिथे त्यांची वस्ती झालेली असते. ही खूण हातालाच कळते, म्हणून हात फिरवावा लागतो.

बादलीची गोष्ट याच्याही पुढची आहे. शिंपल्याची मादी एका हंगामात दहा लाखांपर्यंत अंडी सोडते. त्यांतून निघणारे डिंभ, म्हणजे शिंपल्याची अगदी कोवळी पिल्ले, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे असतात आणि दोन ते चार आठवडे पाण्यात नुसते तरंगत राहतात. नातवाच्या बादलीतले पाणी कितीही निर्मळ दिसले तरी त्यात असे डिंभ शेकड्यांनी असू शकतात, आणि ते तिथे आहेत की नाहीत हे रॅम्पवर उभे राहून कोणालाही सांगता येत नाही. म्हणून मिनेसोटाचा कायदा पाण्याची तपासणी करत बसत नाही. तळ्याचे पाणी तळ्यातच सोडा, एवढेच तो सांगतो. बोटीचे बूच काढूनच ती रस्त्यावर न्यायची, मासे जिवंत ठेवण्याची टाकी आणि तळाशी साचलेले पाणी काठावरच रिकामे करायचे. उरलेले आमिष मात्र फेकावे लागत नाही, ही माहिती आपल्याला कोणी दिली नाही याचे मला वाईट वाटते. बादलीतले तळ्याचे पाणी ओतून त्यात नळाचे किंवा बाटलीचे पाणी भरले की ते मासे घरी नेता येतात. पुढच्या खेपेला गाडीत पाण्याचा एक कॅन ठेवा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन लहान माशांना सोसत नाही, तेव्हा शक्यतो बाटलीचे पाणी घ्या. नातवाचे मासे वाचतील.

आपण पाण्याच्या खात्यात आयुष्य काढलेत, म्हणून यातील सर्वांत मोठा धोका आपल्याला कोणापेक्षाही लवकर कळेल. इंदूर जलूदचे पाणी पिते. ते नर्मदेतून उपसून सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावरून घाट चढवून आणलेले असते. त्या उपशाच्या तोंडाशी, जाळीवर आणि नळाच्या आतल्या भिंतीवर शिंपल्यांचा थरावर थर बसत गेला तर काय होईल, याची कल्पना करा. १९८९ साली लेक ईरीच्या काठी, मिशिगन राज्यातील मन्रो शहरात हेच घडले. शिंपल्यांनी उपशाचे तोंड चोंदले आणि शहराचा पाणीपुरवठा बंद पडला. लेक सेंट क्लेअरमध्ये हा शिंपला पहिल्यांदा आढळला तो १९८८ साली, म्हणजे त्यानंतर एवढ्यातच ही पाळी आली. तेव्हापासून त्या भागातील पाणीपुरवठा केंद्रे आणि वीजकेंद्रे नळ साफ ठेवण्यावर सतत खर्च करत आहेत.

आणि वॉलायचेही नुकसान होते. हे शिंपले पाणी गाळून त्यातले सूक्ष्म अन्न खातात, एक शिंपला दिवसाला लिटरभर पाणी सहज गाळतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसू लागते आणि पाहणाऱ्याला ते आवडते, परंतु माशांच्या पिल्लांचे अन्न त्यातून निघून गेलेले असते आणि उजेड खोलवर जाऊ लागल्यामुळे अंधूक पाण्यातल्या माशाची जागा आक्रसते. मिनेसोटातील तळ्यांच्या अभ्यासात असे आढळले आहे की जिथे झेब्रा शिंपले पसरले, तिथे वॉलायच्या पिल्लांची पहिल्या वर्षातील वाढ मंदावते. तपासणीमुळे आपली एक पहाट गेली. तपासणी नसती तर नातू आपल्या वयाचा होईपर्यंतच्या पहाटा जाण्याची भीती आहे.

बदकांचा मुद्दा प्रत्येक रॅम्पवर निघतो आणि तो गैरवाजवी नाही. पक्ष्यांच्या पायांना, पिसांना थोडे डिंभ चिकटू शकतात. पण हा जीव पुढे कसा सरकला त्याचा माग काढला, तर तो पक्ष्यांच्या वाटांपेक्षा महामार्गांशी जुळतो. क्वागा शिंपला हा झेब्राचा सख्खा भाऊ. तो १९८९ पासून पंचमहासरोवरांत, म्हणजे लेक ईरीसारख्या अमेरिका-कॅनडाच्या पाच मोठ्या सरोवरांत, होता. २००७ च्या जानेवारीत तो एकदम नेवाडाच्या वाळवंटात, लेक मीडमध्ये सापडला. मधल्या प्रदेशात पाणी थोडे, वर रॉकी पर्वत आडवा. ओलसर तळ असलेली, ट्रेलरवर लादलेली एखादी बोट मात्र हे अंतर दोन-तीन दिवसांत कापते, आणि थंड, दमट हवेत प्रौढ शिंपला पाण्याबाहेर कित्येक दिवस, क्वचित महिनाभरही तग धरतो. बदकाच्या पायाला चार डिंभ लागतील, पण ट्रेलरच्या फळ्यांवरच्या भिजलेल्या गालिच्यात आणि नांगराच्या दोरीतल्या पाणवनस्पतीत जिवंत शिंपल्यांचे घोसच्या घोस प्रवास करतात.

‘पहाटे चारला कोणी नव्हते’ यावर मी अधिक वेळ विचार केला, कारण पत्रातील सर्वांत बोचरा प्रश्न हाच आहे. अर्धी दारे उघडी ठेवून उरलेल्या दारांवर पहारा बसवण्याचा उपयोग काय, असे आपले म्हणणे. चोराच्या बाबतीत ते खरे ठरले असते. शिंपल्याचे तसे नाही. नर आणि मादी आपापले बीज पाण्यात सोडतात आणि त्यांचे मीलन पाण्यातच होते. मोठ्या तळ्यात चार-दोन शिंपले लांब लांब पडले, तर ते बीज एकमेकांपर्यंत पोहोचत नाही आणि वस्ती बहुधा धरत नाही. त्यामुळे येणाऱ्यांची संख्या निम्मी झाली तरी वस्ती जमण्याची शक्यता खाली येते. मिनेसोटात दहा हजारांहून अधिक तळी आहेत, आणि पहिला झेब्रा शिंपला दुलुथच्या बंदरात १९८९ साली सापडूनही दर दहातील नऊंहून अधिक तळी अजून बाधित पाण्याच्या यादीबाहेर आहेत. तपासणी पूर्ण नाही, पण ती व्यर्थही नाही.

ज्या तळ्यात शिंपले आहेत तिथे तपासणी होते ती मुख्यतः बाहेर पडणाऱ्या बोटींची, कारण तिथून शेजारच्या तळ्याला धोका असतो. शिवाय शिंपला एकटा नाही. युरेशियन वॉटरमिलफॉइल नावाची पाणवनस्पती, काटेरी शेपटीचा सूक्ष्म पाणपिसू, स्टारी स्टोनवर्ट हे शेवाळ, असे इतरही पाहुणे आहेत. एका तळ्यात शिंपला आधीच असला म्हणजे उरलेल्यांना मोकळीक द्यावी असे होत नाही.

जहाजांविषयी आपले जावई बरोबर बोलतात, आणि इथे मी निःसंकोचपणे आपल्या बाजूचा आहे. समतोल राखण्यासाठी जहाजे युरोपातल्या बंदरांत टाक्यांमध्ये पाणी भरत आणि ते पंचमहासरोवरांत येऊन ओतत, त्यातूनच हे शिंपले आले. त्या सरोवरांत येणाऱ्या जहाजांनी हे पाणी भर समुद्रात बदलून घ्यावे, असा बंधनकारक नियम अमेरिकेने केला तो १९९३ साली. रिकाम्या दिसणाऱ्या टाक्यांच्या तळाशी उरलेला गाळ आणि पाणीही खाऱ्या पाण्याने धुऊन काढण्याची सक्ती झाली ती २००८ साली. म्हणजे पहिला शिंपला सापडल्यानंतर पूर्ण वीस वर्षांनी. दोष मोठ्यांचा आणि रांग लहानांची, ही आपली तक्रार खरी आहे. मात्र जहाजांनी खंडात आणलेला जीव तळ्या-तळ्यांत पोहोचवतात त्या ट्रेलरवरच्या बोटी, आणि त्या टप्प्यावर त्याला अडवण्याची दुसरी जागा रॅम्पशिवाय उरलेली नाही.

तक्रार करायचीच तर ती व्यवस्थेविषयी करा, आणि अवश्य करा. मिनेसोटात २०१४ पासून राज्य सरकार या कामासाठी काउंट्यांना, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांना, दरवर्षी निधी देते, आणि कोणत्या रॅम्पवर कोणत्या वेळी निरीक्षक बसवायचा हे पुष्कळदा काउंटीच ठरवते. वॉलायचा हंगाम मे महिन्यात उघडतो. त्या आठवड्यांत पहाटे दोन निरीक्षक असावेत, नेहमी त्याच तळ्यावर येणाऱ्यांची वेगळी रांग असावी, अशी लेखी मागणी जावयांनी काउंटीकडे केली तर ती रास्तच ठरेल. पश्चिमेकडील लेक टाहोवर परत निघताना बोट आणि ट्रेलर यांना जोडणारे सील बांधून देतात. ते शाबूत असेल तर पुढच्या वेळी पुन्हा तपासणीत अडकावे लागत नाही. त्याचप्रमाणे, लाटा उठवण्यासाठी पोटात शेकडो लिटर पाणी भरून घेणाऱ्या करमणुकीच्या बोटी आणि आपली साधी बोट यांना एकाच पट्टीने मोजू नये, हेही बोलण्यासारखे आहे. त्या टाक्या पूर्ण रिकाम्या होतच नाहीत, त्यामुळे खरा वेळ तिथे जायला हवा.

रॅम्पवरचा आपला वेळ कमी करणे काही अंशी आपल्या हाती आहे. घरून निघताना बूच बोटीत न लावता गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवा, म्हणजे ते निरीक्षकाला काचेतूनच दिसेल. टाक्यांची झाकणे उघडी ठेवा. नांगराची दोरी धुऊन, वाळवून, सैल गुंडाळून वर ठेवा. कोरड्या बोटीची तपासणी दोन-तीन मिनिटांत आटोपते. रांग थांबते ती ओल्या बोटींमुळे, कारण संशय असेल तर सुमारे साठ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्याने बोट धुवावी लागते आणि त्याला वेळ लागतो.

प्रश्न : माझे यजमान आणि मी कॅलिफोर्नियात सॅक्रमेंटोजवळ राहतो, माहेर इंदूरचे रामबाग. २०२५ च्या एप्रिलपासून आमच्या जवळच्या फॉल्सम तळ्यावर बोट न्यायची तर ती आधी तीस दिवस सील लावून ठेवावी लागते. हे तर तपासणीच्याही पलीकडचे झाले. एवढे कडक का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आपल्या भागात आलेला शिंपला वेगळा आहे. सोनेरी शिंपला हा मूळचा चीन आणि आग्नेय आशियातील नद्यांचा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो स्टॉकटन बंदरात सापडला, आणि उत्तर अमेरिकेतील ती त्याची पहिलीच नोंद होती. झेब्रा आणि क्वागा यांना कवच घडवण्यासाठी पाण्यात बऱ्यापैकी कॅल्शियम लागते. सिएरा पर्वतातून उतरणाऱ्या पाण्यात ते थोडे असल्यामुळे आपल्याकडची कित्येक तळी त्यांच्यापासून बरीचशी सुरक्षित मानली जात होती. सोनेरी शिंपल्याला कमी कॅल्शियम चालते आणि ऊबदार पाणीही मानवते, त्यामुळे ते नैसर्गिक कुंपण त्याच्यापुढे टिकत नाही.

त्याची दक्षिण अमेरिकेतील वाटचाल पाहिली म्हणजे कडकपणाचे कारण कळते. १९९१ साली तो रिओ दे ला प्लाता या खाडीत आढळला, आणि २००१ पर्यंत पराना नदीतून वर चढत इताइपू धरणाच्या वीजकेंद्रात पोहोचला. प्रवाहाच्या उलट दिशेने शिंपला स्वतः जाऊ शकत नाही. त्याला बोटींनीच वर नेले. तीस दिवसांचा काळ यासाठी आहे की एवढे दिवस कोरडी राहिलेली बोट चिकटलेल्या प्रौढ शिंपल्यालाही सोसत नाही. या अवधीत सील तुटले तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतात, तेव्हा बोट हलवताना यजमानांना जपून राहायला सांगा. एकाच तळ्यावर जाण्याचे ठरवलेत आणि प्रत्येक फेरीनंतर सील बांधून घेतलेत, तर तीस दिवसांची वाट पुन्हा पाहावी लागत नाही.

प्रश्न : मी द्वारकापुरीत राहते. सिरपूर तलावावर फिरायला जाताना आमच्या शेजारच्यांनी घरच्या काचेच्या टाकीतला मोठा झालेला मासा तलावात सोडला आणि ‘मोकळा केला’ म्हणून समाधान मानले. आपल्याकडे तर कोणी तपासत नाही. यात काही वावगे आहे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आहे, आणि आपण विचारलेत हे फार बरे केलेत. टाकीची काच चाटून साफ करणारा ‘सकर’ मासा दुकानात बोटाएवढा मिळतो, पुढे तो फूटभराच्या वर वाढतो, टाकीत मावत नाही, आणि मग दयाबुद्धीने तो तलावात जातो. हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याच्या अंगावर चिलखतासारखे कडक खवले असतात, त्यामुळे आपल्याकडच्या बगळ्या-पाणकावळ्यांना तो सहसा खाता येत नाही, आणि काठात बिळे करून तो माती ढासळवतो. कोलकात्याजवळच्या पाणथळींत, केरळात आणि वाराणसीला गंगेतही तो सापडला आहे. आफ्रिकेतून आलेल्या थाई मांगूरवर आपल्याकडे २००० सालापासून बंदी आहे, तरी तो पाळला आणि विकला जातो. जलकुंभी तर आपल्या डोळ्यांसमोरच आहे. फुलाच्या हौसेने दक्षिण अमेरिकेतून बंगालमध्ये आणलेली ही वनस्पती आज देशभरच्या तलावांची डोकेदुखी झाली आहे.

सिरपूर आणि यशवंतसागर ही दोन्ही होळकरांच्या काळची जलस्थाने २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहेत. तिथे येणारे पक्षी आणि तिथले रोहू, कटला, मृगळ ज्या पाण्यावर जगतात, त्या पाण्यात बाहेरचा मासा सोडू नये, हे शेजाऱ्यांना आपण मायेने सांगावे. ते रागावणार नाहीत, कारण त्यांचा हेतू चांगलाच होता. आपल्या शहरातील गळवाल्यांनाही हेच लागू आहे. बिलावली तलावातून बादलीत घेतलेले पाणी यशवंतसागरात ओतू नये, आणि नायलॉनचे जाळे एका तलावातून दुसऱ्यात नेण्याआधी इंदूरच्या उन्हात दोन-तीन दिवस कडकडीत वाळवावे.

नको झालेला मासा पुष्कळदा मूळ दुकानदार परत घेतो, आधी तिथे विचारावे. टाकीतील वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून कचऱ्यात द्याव्यात, गटारात टाकू नयेत. आणि टाकीचे जुने पाणी तलावात किंवा नाल्यात न ओतता गच्चीवरच्या कुंड्यांना घालावे. माशांच्या विष्ठेमुळे ते खतासारखे काम करते, आणि आमच्याकडचा मोगरा त्यावर चांगला फुलतो.